टायमिंगचा कोड पुसल्यावर पुन्हा येत असेल, तर काय तपासावे

चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी००१६ हा कोड दिसतो, एक सेन्सर बदलला जातो, कोड पुसला जातो आणि आठ-पंधरा दिवसांत तोच दिवा पुन्हा लागतो. मग दुसरा सेन्सर, मग ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह आणि शेवटी टायमिंग चेनचा पूर्ण सेट असा खर्च चढत जातो, तरीही काही गाड्यांत दिवा परत येतोच. या लेखात पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांमधल्या या एकाच तक्रारीचा विचार केला आहे. टायमिंगच्या तक्रारींत ग्राहकाचे सर्वाधिक पैसे येथेच वाया जातात असे माझे मत आहे, आणि ते वाचवणारी बहुतेक तपासणी कोणत्याही नीट चालणाऱ्या गॅरेजमध्ये होऊ शकते.

पी००१६ याचा अर्थ एवढाच, की क्रँकशाफ्टच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) सेन्सरकडून आलेला सिग्नल आणि कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दांड्याच्या) सेन्सरकडून आलेला सिग्नल यांचा मेळ ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, अपेक्षित असलेल्या मर्यादेत बसत नाही. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे पूर्ण होतात तेव्हा कॅमचा एक फेरा होतो, आणि हे नाते चेनने किंवा दातेरी बेल्टने बांधलेले असते. ईसीयूला चेन दिसत नाही, दाते दिसत नाहीत. त्याला दोन तारांमधून येणारे विजेचे ठोके तेवढे दिसतात. त्यामुळे चेन खरोखर सरकली असली तरी हा कोड येतो आणि चेन जागेवर असूनही एखाद्या तारेतून चुकीचा ठोका गेला तरी हाच कोड येतो. म्हणून कोणताही भाग मागवण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. पहिला, क्रँक आणि कॅम यांच्यातला फरक खरा आहे की फक्त सिग्नलमध्ये दिसतो आहे? दुसरा, तो फरक खरा असेल तर तो कायम तेवढाच राहतो, की इंजिन तापल्यावर आणि फेरे बदलल्यावर कमीजास्त होतो? माझ्या अनुभवात वारंवार परत येणाऱ्या गाड्यांपैकी बहुतेकींत यांतला दुसरा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

कोड पुसण्याची घाई करू नये. कोड नोंदला गेला त्या क्षणीची स्थिती ईसीयू साठवून ठेवतो. स्कॅनरमध्ये ती फ्रीझ फ्रेम या नावाने मिळते. इंजिनचे तापमान, फेरे, लोड आणि गाडीचा वेग हे आकडे कागदावर उतरवून घ्यावेत. तापमान २५ अंश आणि गाडी नुकतीच सुरू झालेली असेल, तर शोध एका दिशेला जातो. तापमान ९५ अंश आणि गाडी सिग्नलवर उभी असताना कोड आला असेल, तर अगदी वेगळ्या दिशेला. कोड पुसला की बहुतेक गाड्यांत ही माहितीही पुसली जाते, आणि गाडी याआधी दोन-तीन ठिकाणी फिरून आली असेल तर ती अनेकदा आधीच गेलेली असते. अशा वेळी दिवा पुन्हा लागेपर्यंत गाडी वापरू द्यावी आणि मग न पुसता घेऊन येण्यास सांगावे. मात्र चेनचा खडखडाट होत असेल, बेल्टबद्दल शंका असेल किंवा इंजिन सुरूच होत नसेल, तर हा सल्ला लागू नाही. ज्या इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात, तेथे दोन-तीन दाते सरकलेल्या अवस्थेत सेल्फ मारत राहिल्यास व्हॉल्व्ह वाकतात. धक्का मारून गाडी सुरू करण्याचा प्रयत्न तर अशा स्थितीत मुळीच करू नये.

फरक खरा आहे का

सर्वांत विश्वासाची पद्धत ऑसिलोस्कोपची, म्हणजे सिग्नलचे चित्र पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची, आहे. क्रँक सेन्सर आणि कॅम सेन्सर यांचे सिग्नल एकाच पडद्यावर एकाखाली एक घ्यावेत. अनेक इंजिनांत क्रँकच्या चक्रावर ६० दात्यांची जागा असते आणि त्यातले दोन दाते मुद्दाम काढलेले असतात. त्या रिकाम्या जागेवरून ईसीयू फेऱ्याची सुरुवात ओळखतो. येथे प्रत्येक दाता म्हणजे क्रँकचे ६ अंश. रिकाम्या जागेपासून कॅमच्या सिग्नलची कडा कितव्या दात्यावर येते ते मोजावे आणि त्याच इंजिनच्या चांगल्या गाडीच्या नोंदीशी ताडून पाहावे. समजा, ही कडा तीन दात्यांनी उशिरा येत असेल, तर फरक १८ अंशांचा झाला. आणि क्रँकवरच्या बेल्ट स्प्रॉकेटला (बेल्ट फिरवणाऱ्या दातेरी चाकाला) २० दाते असतील, तर बेल्टचा एक दाता सरकणे म्हणजेही नेमके १८ अंश. असा जुळणारा आकडा मिळाला की बेल्ट एका दात्याने सरकला आहे किंवा बसवतानाच चुकला आहे, हे कव्हर न उघडता कळते. बेल्ट ताणला जाऊन हळूहळू सरकत नाही, तो दात्यादात्याने उडी मारतो. चेन मात्र पिना झिजून लांबत जाते, त्यामुळे तिचा फरक दात्याच्या पटीत न येता मधलाच कुठला तरी, उदाहरणार्थ ७ किंवा ९ अंशांचा येतो, आणि कॅम उशिरा चालतो.

दोन्ही सिग्नल स्वच्छ असून फरक दिसत असेल, तर कारण यांत्रिक असण्याची शक्यता मोठी. सिग्नलमध्ये मधूनच ठोका गळत असेल, उंची कमी होत असेल किंवा कडांवर खरखर दिसत असेल, तर आधी वायरिंगकडे वळावे.

स्कोप नसेल तर कॉम्प्रेशन गेज आणि व्हॅक्यूम गेज ही दोन साधी साधनेही बरेच सांगतात. कॅम उशिरा चालत असेल तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, वर येणारा पिस्टन आत घेतलेल्या हवेतला काही भाग परत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा आत आणणाऱ्या नळ्यांमध्ये, ढकलतो आणि सगळ्या सिलिंडरांचे कॉम्प्रेशन जवळजवळ सारखेच कमी येते. एकाच सिलिंडरचे कमी आले, तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा हेड गॅस्केट पाहावे. सगळ्यांचे सारखे कमी आले, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजावे. आकडा बराच वाढला तर रिंगा झिजलेल्या आहेत, फारसा हलला नाही तर टायमिंगवरचा संशय पक्का होतो. हे मोजताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा आणि बॅटरी भरलेली असावी, अन्यथा चांगले इंजिनही आजारी दिसेल.

व्हॅक्यूमच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण तिच्यामुळे चांगले मेकॅनिकही फसतात. पुस्तकांतला आयडलवरचा, म्हणजे इंजिन उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर न देता चालू असतानाचा, १७ ते २१ इंचांचा (पाऱ्याच्या उंचीचा) आकडा समुद्रसपाटीचा असतो. उंची वाढते तसा हवेचा दाब कमी होतो आणि दर ३०० मीटरला सुमारे १ इंच वजा करावा लागतो. मुंबईत १९ इंच दाखवणारे इंजिन पुण्यात, म्हणजे सुमारे ५६० मीटर उंचीवर, १७ इंच दाखवेल; महाबळेश्वरात, १३५० मीटरच्या आसपास, तेच इंजिन साडेचौदा-पंधरावर येईल, आणि तरीही त्यात काही बिघाड नसेल. हा हिशेब करूनही सुई चार-पाच इंच खाली आणि न थरथरता स्थिर असेल, तर व्हॉल्व्हचे टायमिंग उशिरा आहे किंवा मॅनिफोल्डमध्ये हवेची गळती आहे. गळती आधी शोधून बाजूला सारावी. सुई ठरावीक तालात खाली पडत असेल, तर दोष बहुधा एखाद्या व्हॉल्व्हचा असतो, टायमिंगचा नव्हे.

खुणा पाहताना होणारी फसगत

कव्हर उघडून खुणा पाहण्याची वेळ आलीच, तर सगळे प्लग काढावेत आणि क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेनेच हाताने फिरवावे. बहुतेक गाड्यांत पुलीकडून पाहिल्यास ही दिशा घड्याळाच्या काट्याप्रमाणे असते, पण काही जुन्या इंजिनांत ती उलटी आहे, म्हणून मॅन्युअल पाहून खात्री करावी. दोन पूर्ण फेरे द्यावेत. कुठेही अडल्यासारखे वाटले, तर जोर न लावता थांबावे.

येथे तीन ठिकाणी गोंधळ होतो. चेनवरच्या रंगीत कड्या फक्त बसवण्याच्या वेळी खुणांवर असतात; इंजिन फिरवल्यावर त्या पुन्हा खुणांवर येण्यासाठी कितीतरी फेरे जावे लागतात, म्हणून दोन फेऱ्यांनंतर कडी जुळत नाही हे पाहून ‘चेन सरकली’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे. पाहायच्या त्या स्प्रॉकेटवरच्या आणि ब्लॉकवरच्या खुणा. दुसरे, बाहेरच्या क्रँक पुलीवरची खूण नेहमी खरे सांगते असे नाही. अनेक पुल्यांत आतला भाग आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबर असते. ते सुटले की बाहेरची कडी फिरते आणि तिच्यावरची खूणही तिच्यासोबत सरकते. शंका आल्यास पहिल्या सिलिंडरचा पिस्टन खरोखर सर्वांत वर केव्हा येतो, हे प्लगच्या भोकातून डायल गेजने मोजून घ्यावे. तिसरे ठिकाण म्हणजे क्रँक स्प्रॉकेट आणि त्याची चावी, म्हणजे स्प्रॉकेट क्रँकवर घसरू नये म्हणून खाचेत बसवलेली छोटी पट्टी. बोल्ट पुरेसा आवळलेला नसेल तर चावीची खाच खाल्ली जाते आणि स्प्रॉकेट थोडे मागेपुढे डुलू लागते. कित्येक इंजिनांत तर चावी नसतेच, फक्त बोल्टच्या दाबाने स्प्रॉकेट धरलेले असते. तेथे लॉकिंग टूलशिवाय काम केले आणि जुनाच बोल्ट अंदाजाने आवळला, तर टायमिंग त्या दिवशी बरोबर येते आणि पुढे रस्त्यावर सरकते. टायमिंगचे काम झाल्यानंतर थोड्या दिवसांत कोड परत आला असेल, तर मी हा बोल्ट सर्वांत आधी पाहतो.

फरक खरा, पण बदलता

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग असलेल्या, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ गरजेनुसार बदलणाऱ्या, इंजिनात कॅमच्या टोकाशी बसवलेले आणि कॅमला पुढेमागे फिरवणारे ॲक्च्युएटर इंजिन ऑइलच्या दाबावर चालते. चेनचे टेन्शनरही बहुतेक ठिकाणी ऑइलच्या दाबावरच चेन ताठ धरते. म्हणजे टायमिंगची तक्रार हीच पुष्कळदा ऑइलची तक्रार असते, आणि नेमके ऑइलचे प्रेशर मोजण्याचे कष्ट फार थोडे जण घेतात.

माझ्याकडे चार सिलिंडरची एक पेट्रोल गाडी आली होती. तिची चेन खरोखर लांबली होती आणि आधीच्या गॅरेजने ती बदलली होती. ते काम आवश्यकच होते. पण काही शे किलोमीटरनंतर पी००१६ परत आला आणि त्याच्यासोबत पी००११, म्हणजे कॅम गरजेपेक्षा पुढे गेल्याचा कोडही आला. सकाळी थंड इंजिनवर स्कोप लावला तेव्हा दोन्ही सिग्नल अगदी जुळलेले होते, म्हणून चेन चुकीची बसवल्याची शंका तेथेच मिटली. मग गाडी घाटात चालवून पूर्ण तापवली आणि आयडलवर ठेवली. लाइव्ह डेटामध्ये ईसीयूने कॅमला शून्यावर राहण्यास सांगितले होते आणि कॅमचा प्रत्यक्ष आकडा मात्र सतत मागेपुढे भटकत होता. ॲक्सिलरेटर देऊन फेरे २००० वर नेले की तो स्थिर होई. ऑइल प्रेशरचा स्विच काढून तेथे गेज लावला, तर तापलेल्या इंजिनचे आयडलवरचे प्रेशर मॅन्युअलमधल्या किमान आकड्याच्याही बरेच खाली होते. डॅशबोर्डवरचा लाल दिवा मात्र लागत नव्हता. यात नवल नाही. तो स्विच साधारण ०.२ ते ०.५ बारवर दिवा लावतो आणि ॲक्च्युएटरला नीट काम करण्यासाठी त्यापेक्षा पुष्कळ जास्त प्रेशर लागते. लाल दिवा बंद आहे म्हणजे प्रेशर पुरेसे आहे, असे समजू नये.

इंजिनखालचे ऑइलचे चेंबर उतरवले तेव्हा कारण डोळ्यांसमोर आले. ऑइल ओढणाऱ्या नळीच्या जाळीवर करड्या रंगाच्या सिलिकॉनचे दोरे आणि तुकडे अडकले होते आणि जाळीचा निम्म्याहून अधिक भाग झाकला गेला होता. टायमिंग कव्हर बसवताना सिलिकॉनचा जाड थर दिला होता. कव्हर आवळल्यावर बाहेर आलेला भाग पुसून काढला गेला, पण तेवढाच भाग आतही दाबला गेला होता आणि तो गरम ऑइलमध्ये सुटून खाली आला होता. जाळी साफ केली, ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हच्या वाटेवरची बारीक गाळणीही साफ केली, कव्हरचे दोन्ही पृष्ठभाग खरवडून पातळ अखंड रेघ दिली आणि सिलिकॉन सुकण्यास मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ दिल्यावरच ऑइल भरले. त्यानंतर तापलेल्या इंजिनवर कॅमचा आकडा जागचा हलला नाही. पहिल्या दुरुस्तीनेच दुसरा दोष जन्माला घातला होता आणि कोड एकच असल्यामुळे दोन्ही दोष एकच वाटत होते.

सिलिकॉन नसले तरी गाळ असतो. ऑइल उशिरा बदलत राहिल्यास, विशेषतः शहरात रोज थोडेथोडेच अंतर चालणाऱ्या गाडीत, तो जाळीवर आणि बारीक वाटांमध्ये साचतो. सांगितलेल्या ०डब्ल्यू-२० या पातळ ऑइलऐवजी ‘आपल्याकडे ऊन फार’ म्हणून जाड ऑइल भरल्यास थंड इंजिनात ॲक्च्युएटर मंद चालते आणि सकाळी पहिल्या मिनिटातच कोड येऊ शकतो. थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड आवाज येऊन थांबत असेल, तर बहुधा टेन्शनरमधले ऑइल रात्रभरात उतरते आहे. अशी गाडी चढावर गिअरमध्ये लावून हँडब्रेक न ओढता ठेवू नये. गाडीच्या वजनाने इंजिन किंचित उलटे फिरते आणि सैल चेन काही इंजिनांत दाता सोडते.

फरक फक्त सिग्नलमध्ये असेल तर

येथे सेन्सरवर शेवटी संशय घ्यावा. आधी कप्लर (सेन्सरला तार जोडणारा प्लग) काढून आत ऑइल किंवा हिरवट गंज आहे का ते पाहावे. कॅम सेन्सरमधून झिरपलेले ऑइल कप्लरपर्यंत जाऊ शकते. इंजिन ते बॉडी अर्थिंगची तार तपासावी. सेल्फ मारताना बॅटरीचे निगेटिव्ह टोक आणि इंजिन ब्लॉक यांच्यात मल्टिमीटरवर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर अर्थिंग खराब आहे. क्लच किंवा गिअरबॉक्सचे काम नुकतेच झाले असेल आणि सेन्सर फ्लायव्हीलजवळ असेल, तर चक्राचा एखादा दाता वाकला आहे का किंवा सेन्सर आणि दाते यांतले अंतर बदलले आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मुंबई-पुण्याकडे बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्या पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यात एक खास कारण आढळते. सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून त्यावर स्पार्क काही अंश आधी पडावा लागतो. यासाठी किटसोबत टायमिंग ॲडव्हान्स प्रोसेसर नावाचा छोटा डबा बसवतात. त्यांतले अनेक डबे क्रँक सेन्सरची तार तोडून तिच्यामध्ये बसतात आणि ईसीयूकडे जाणारा ठोका मुद्दाम पुढे सरकवतात. डब्याची सेटिंग त्या इंजिनाच्या चक्राशी जुळत नसेल किंवा तारेचा सांधा नुसता पिळून टेप गुंडाळलेला असेल, तर ईसीयूला क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसताना दिसत नाही. ओळखण्याची रीत सरळ आहे: डबा बाजूला काढून क्रँक सेन्सरची मूळ जोडणी पूर्ववत करावी आणि गाडी काही दिवस पेट्रोलवर चालवावी. कोड आला नाही, तर चेनला हात लावण्याचे कारण उरत नाही. हे काम विजेच्या तारांपुरतेच आहे. गॅसच्या नळीला आणि रेग्युलेटरला अधिकृत माणसानेच हात लावावा. कंपनीतूनच सीएनजी घेऊन आलेल्या गाड्यांत स्पार्कचा हिशेब ईसीयूमध्येच असतो, तेथे हा डबा नसतो.

स्पार्कच्या टायमिंगबद्दल थोडेसे, कारण तक्रार सांगताना स्पार्कची वेळ आणि व्हॉल्व्हची वेळ ही दोन्ही ‘टायमिंग’ या एकाच नावाने सांगितली जातात. गाडी चढावर ठोकत असेल, म्हणजे नॉकिंग येत असेल, पण पी००१६ नसेल, तर बहुधा कॅम-क्रँकचा प्रश्न नाही. पेट्रोल, कार्बन, तापमान आणि नॉक सेन्सर पाहावेत. नॉक सेन्सरचा बोल्ट साधारण २० न्यूटन-मीटरवरच आवळायचा असतो; कमी-जास्त आवळल्यास तो चुकीचे ऐकतो. डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या गाड्यांत, कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० असो वा पद्मिनी, टायमिंग लाइट लावण्यापूर्वी व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे, आणि पहिला पिस्टन वर आहे तो कॉम्प्रेशनलाच, एक्झॉस्टला नव्हे, हे प्लगच्या भोकावर बोट ठेवून ताडून घ्यावे.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसून लगेच गाडी देऊ नये. अनेक गाड्यांत हा दोष गाडी बंद करून पुन्हा चालवताना सलग दुसऱ्यांदा दिसला, तरच दिवा लागतो. त्यामुळे त्या संध्याकाळी दिवा न लागण्याला काही अर्थ नसतो. गाडी रात्रभर ठेवून सकाळी थंड सुरू करावी, पूर्ण तापेपर्यंत चालवावी, आणि कॅमचा अपेक्षित व प्रत्यक्ष आकडा, तापलेल्या आयडलवरचे ऑइल प्रेशर आणि शक्य असल्यास स्कोपचे चित्र मालकाच्या बिलासोबत जोडून द्यावे. काही मॉडेलमध्ये चेन किंवा सेन्सर बदलल्यावर क्रँक-कॅमचे नाते स्कॅनरमधून ईसीयूला नव्याने शिकवावे लागते. ते राहून गेले तर बरोबर बसवलेल्या चेनवरही जुनाच कोड येतो. पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत बोलावून ऑइल फिल्टर कापून पाहावा. त्याच्या घड्यांमध्ये चमकता भुगा किंवा सिलिकॉनचे कण मिळाले, तर दिवा लागण्याची वाट न पाहता चेंबर उतरवावे.